एक एप्रिलची अडचण

१४ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

कंपनीची ही यंदाची डायरी साडेनऊ महिने कोरी होती. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि सांगायला बायको होती. आज बायकोला ॲडमिट केलं. नेहमीच्या तपासणीला म्हणून गेलो होतो, येताना मंडईतून लिंबं आणायची होती. ब्लडप्रेशर निघालं एकशेसाठ. पाय सुजलेले मी पाहिले होते, पण उत्कर्षा कॉलेजात दिवसभर उभी राहून शिकवते, त्यानेच सुजले असतील असं धरून चाललो होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज बरोबर अठ्ठावीस आठवडे झालेत. बाळ पूर्ण दिवस आत राहील असं मला वाटत नाही. चौतीसपर्यंत रेटायचा प्रयत्न करू. तिचं प्रेशर ऐकलं नाही, तर आधीच काढावं लागेल. मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मी विचारलं, "धोका कितपत आहे?" तर म्हणाल्या, "बघू." आमच्या शनिवार पेठेत दुकानदार "बघू" म्हणाला की समजायचं, माल नाही. या बाईंवर माझा विश्वास बसलेला नाही.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

चौतीस आठवडे कधी भरतात ते काढायला कॅलेंडर घेऊन बसलो. पंचवीस नोव्हेंबर. मग सवयीप्रमाणे उलटं मोजून ताळा केला. अठ्ठावीस आठवडे मागे गेलो की एक एप्रिल येतो.

एक एप्रिलला मी न्यू जर्सीत होतो.

पुन्हा मोजलं. तीनदा मोजलं. कपाटातून पासपोर्ट काढला. मुंबई विमानतळाचा शिक्का दहा एप्रिलचा, शनिवार. डिसेंबरात गेलो होतो तो त्या दिवशी परत आलो. दहा एप्रिलपासून कालपर्यंत फार तर सव्वीस आठवडे पाच दिवस. टाइम झोनचा फरक धरला तरी तो साडेनऊ तासांचा होतो, नऊ दिवसांचा नव्हे.

डॉक्टरांची चूक असणार. झोपतो आता. मोजमापात माणसं चुकतात, म्हणून तर मला पगार मिळतो.

१७ ऑक्टोबर, रविवार

सोनोग्राफी झाली. ते मशीनही अठ्ठावीसच म्हणतं. "तारखा अगदी पक्क्या आहेत, छान," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छान!

सासूबाई आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्या आठवड्यात उत्कर्षाच वर्ध्याला जायची होती. आता माहेर इकडे आलं. यमुनाबाई चांगल्या आहेत, पण फार बोलतात. त्यांना स्टेशनवरून आणायला मी निघणार, तेवढ्यात शंभूने त्यांना स्कूटरवर बसवून हॉस्पिटलात हजरसुद्धा केलं होतं. शंभू म्हणजे उत्कर्षाचा आतेभाऊ, चार वर्षं भोसरीच्या कारखान्यात आहे. तिला ताई म्हणत नाही, नावाने हाक मारतो. आमच्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मला सांगितलं होतं की आधी उत्कर्षासाठी घरात त्याचंच नाव चाललं होतं. तेव्हा मी हसलो होतो.

"कितवा म्हणतात जी डॉक्टर?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, अठ्ठावीस आठवडे.

"ते आठवड्याचं मले समजत नाही. महिन्यात सांगा." मग स्वतःच बोटांची पेरं मोजून म्हणाल्या, "सातवा आहे. सातव्यातलं लेकरू जगते, जावईबापू. आठव्यातलंच धोक्याचं राहते."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही कधीपासून मोजलंत?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! पुरुषमाणसानं असं विचारते का जी?"

मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. शंभू खिडकीतून बाहेर बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नाही, पार्किंग आहे.

२० ऑक्टोबर, बुधवार

आज आमची तयारी करून घेतली. हा या हॉस्पिटलातला एक कार्यक्रमच आहे. लहान बाळांच्या डॉक्टर ऋचाबाई, वय माझ्याएवढंच असेल, उत्कर्षाच्या पलंगाशी खुर्ची ओढून तासभर बसल्या. घाईत नव्हत्या, हेच मला खटकलं. पुण्यातला डॉक्टर तासभर बसतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असतं.

म्हणाल्या, बाळ लवकर आलं तर किलो-सव्वा किलोचं असेल. कातडी लाल आणि पातळ, अंगावर लव. रडण्याचा आवाज ऐकू येईलच असं नाही, आला नाही म्हणून बाळ गेलं असं समजू नका. जन्मल्या जन्मल्या तुम्हाला दाखवतील, पण हातात देणार नाहीत, थेट पेटीत नेतील. दूध थेंबाथेंबाने नळीतून जाईल, पण ते आईचंच हवं. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून तुम्हाला आज एक आणि उद्या एक इंजेक्शन देतो. आणि घरी कधी नेणार ते विचारू नका, मूळ तारीखच मनात धरा, सहा जानेवारी दोन हजार.

उत्कर्षाने वही काढून सगळं लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण प्रश्न मुद्द्याचे विचारत होती. मी कसलेच प्रश्न विचारले नाहीत. हे सगळं आधी सांगून ठेवायचं कारण उघड आहे. उद्या काही झालं की "आम्ही बोललो होतो" म्हणायला ही मंडळी मोकळी.

सासूबाईंनी आठव्या महिन्याचं काढलंच. ऋचाबाई म्हणाल्या, "आजी, तसं काही नसतं. आत घालवलेला एकेक दिवस बाळाच्या फायद्याचा. सातव्यापेक्षा आठवा बरा, आठव्यापेक्षा नववा." सासूबाई मान हलवत राहिल्या. पटलेलं नाही हे स्पष्ट दिसत होतं. म्हटलं, चला, या खोलीत विश्वास न ठेवणारा मी एकटा नाही.

मग मला ती अतिदक्षता खोली दाखवायला नेलं. कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ काढायचं, त्यांच्या चपला घालायच्या. दारात सिस्टर म्हणाली, "बाळाचे वडील तुम्हीच ना?" हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते का, हे मी पुढचा माणूस येईपर्यंत थांबून तपासलं. सगळ्यांनाच विचारते.

आत सहा काचेच्या पेट्या. प्रत्येकीत तळहातापेक्षा थोडं मोठं काहीतरी, लोकरीची टोपी घातलेलं. मशीन सतत वाजत असतात. "वाजलं की आधी बाळाकडे बघायचं, मग मशीनकडे," ऋचाबाई म्हणाल्या. पेट्यांवर कार्डं होती: बेबी ऑफ सुनंदा, बेबी ऑफ मंगल. बापाचं नाव एकावरही नाही. मी विचारलं, "वडिलांचं नाव नसतं?"

"नाही. बाळ कुणाच्या पोटातून आलं हे नक्की माहीत असतं ना, म्हणून आईचं," असं म्हणून त्या पुढे गेल्या.

हे त्या मला उद्देशून का म्हणाल्या?

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

फाईल पलंगाच्या पायाशी अडकवलेली असते. उत्कर्षाचा डोळा लागल्यावर पाहिली. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात "एलएमपी १/४/९९". एलएमपी म्हणजे काय ते मला माहीत नाही, विचारलं तर हसतील. पण तारीख तीच. म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे, कागदोपत्री आहे, आणि मी तेवढा राहिलोय.

ऑफिसात आज बँकेच्या प्रोग्रॅममध्ये, दोन हजार साल लागताच बिघडेल असा, सत्तावीस ठिकाणी तारखेचा घोळ सापडला. टीममधली पोरं म्हणतात, आमोद सर, तुम्हाला वासच येतो. येतो खरा.

२४ ऑक्टोबर, रविवार

शंभूला कँटीनमध्ये चहाला नेलं. मुद्दामच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "मी अमेरिकेत होतो तेव्हा तुमचं आमच्या घरी येणं-जाणं असेल."

"होय नं जी. सिलिंडर संपला की, नाहीतर मामींनी वर्ध्याहून काही पाठवलं की."

"एप्रिलच्या सुरुवातीला आला होतात?"

त्याने जरा आठवल्यासारखं केलं. "आलो होतो. एक तारीखच होती, पगाराचा दिवस. तूरडाळ द्यायले आलो होतो. पण मी थांबलो नाही जास्त."

"का बरं?"

"उत्कर्षाची तब्येत बरी नव्हती. पडूनच होती. दुकानातून गोळ्या आणून दिल्या, चहा करून दिला अन् निघालो."

"काय झालं होतं तिला?"

इथे तो गडबडला. कपात बघत म्हणाला, "अडचण होती जी तिले."

"कसली अडचण?"

शंभू कानापर्यंत लाल झाला. खरंच झाला, मी डोळ्यांनी पाहिलं. "आता ते मी कसं सांगू? तुम्ही तिलेच विचारा," असं म्हणून अर्धा चहा टाकून उठला.

एक तारीख. तीच. पलंगावर पडलेली माझी बायको, आणि चहा करून देणारा हा. आणि तोंडाने सांगता येत नाही अशी अडचण!

२५ ऑक्टोबर, सोमवार

अडचण. पैशाची असणार नाही, मी दर महिन्याला पाठवत होतो. नोकरीची नव्हती. मग बाईमाणसाला नवऱ्याला न कळवता आतेभावाला सांगावी अशी कसली अडचण असते? घरात विचारायला कुणी बाईमाणूस नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. नाही, तिलाही नसतं विचारलं.

आज हॉस्पिटलात गेलो नाही. ऑफिसात प्रोग्रॅमचं रिलीज आहे असं सांगितलं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

आज तीस आठवडे. त्यांच्या हिशेबाने.

दुपारी सासूबाई जेवायला खाली गेल्या तेव्हा विचारलं. मला ओरडायचं नव्हतं, ओरडलो नाही. म्हटलं, "एक एप्रिलला शंभू घरी आला होता?"

"आला असेल. का हो?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"अहो, डाळ घेऊन आला तर ते अमेरिकेत फोन करून सांगायचं?"

"आठवडे जुळत नाहीत, उत्कर्षा. मी दहाला आलो. आठवडे एक तारखेपासून आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, चिडेल, शपथा घेईल. यातलं काही केलं नाही तिने. म्हणाली, "तुम्ही हे केव्हापासून धरून बसलाय?" मी म्हटलं, पंधरा तारखेपासून. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हाताने मला जा म्हणून खूण केली. नाही म्हणाली नाही. एकदाही नाही म्हणाली नाही!

तेवढ्यात सिस्टर प्रेशर बघायला आली. एकशेऐंशी. तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो आणि मला कुणाची दया येत होती ते कळत नव्हतं. बहुतेक माझी स्वतःचीच.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रेशर उतरलंच नाही. सकाळी अकराला सिझेरियन. मुलगी. एक किलो शंभर ग्रॅम.

ऋचाबाई कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्यासमोर दोन सेकंद थांबल्या. "रडली बरं का!" म्हणाल्या आणि गेल्या. मला रडणं ऐकू आलं नव्हतं. मी तिचं नाक कुणासारखं आहे ते पाहायचा प्रयत्न केला. तिचं नाक शेंगदाण्याएवढं आहे, त्यावरून काहीच सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, काल मी तिच्याशी बोललो, त्यामुळे प्रेशर वाढलं का? म्हणाल्या, "ते वाढतच होतं." मला हे खरं वाटावं अशी फार इच्छा आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

कार्ड लागलं: बेबी ऑफ उत्कर्षा. ऑक्सिजन चालू आहे. मी काचेबाहेरून बघतो. उत्कर्षा वरच्या मजल्यावर, प्रेशर अजून चढंच, तिला पलंगावरून उठू देत नाहीत. माझ्याशी बोलत नाही. वाटीत दूध काढते आणि सासूबाई ते जिना उतरून खाली नेतात, दर दोन तासांनी. त्यांचे गुडघे दुखतात.

२ नोव्हेंबर, मंगळवार

मुलीचा ऑक्सिजन काढला. ऋचाबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, आता हिला कुणीतरी रोज तासभर उघड्या छातीशी धरायला हवं, कातडीला कातडी लावून. त्याने ऊब राहते, वजन वाढतं. "आई येऊ शकत नाही, तेव्हा बाबांनी शर्ट काढा."

मी म्हटलं, मला सर्दी आहे.

सर्दी वगैरे काही नाही. पण त्या मुलीला एकदा छातीशी धरलं की मग माझं मोजणं संपलं, हे मला कळत होतं. मग जे काही असेल ते मला गिळावं लागलं असतं. मी तयार नव्हतो.

ऋचाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  सासूबाई पुढे झाल्या, "मी धरतो नं जी, माझ्या नातीले." पडद्याआड जाऊन त्यांनी चोळीची बटणं सोडली आणि पासष्ट वर्षांच्या त्या बाईने ती मुलगी छातीशी धरली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही काहून असे उभे राहून राहिले, जावईबापू? लेकराचा वास तरी घ्या." मी रुमाल नाकाला लावून सर्दीचं सोंग पुढे चालू ठेवलं.

३ नोव्हेंबर, बुधवार

हे कसं लिहू?

पेट्यांतल्या बाळांच्या आईबापांची आज बैठक होती. सात-आठ जण. ऋचाबाई खडूने फळ्यावर वय मोजायची पद्धत सांगत होत्या, जन्मापासूनचं एक वय आणि मूळ तारखेपासूनचं दुसरं. माझ्या शेजारी बजरंग म्हणून एक माणूस बसला होता. पौडकडचा, डंपर चालवतो, त्याचा मुलगा आमच्या शेजारच्या पेटीत आहे. त्याने हात वर केला.

"म्याडम, एक इचारू का? राग नगा धरू. आमचं लगीन झालं अठरा एप्रिलला. बाळ झालं पंचवीस तारखेला. कितीबी ताणलं तरी सत्तावीस हप्त्याच्या वर जात न्हाई. तुमी कागदावर एकोणतीस लिवलंय. हे दोन हप्ते जास्तीचं कुठनं आनलं?"

सगळी खोली हसली. तोही हसत होता. "आमची मालकीनच म्हनली, जाऊन इचारा, मलाबी कळंना."

 ऋचाबाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे, बरेच जण लाजतात आणि विचारत नाहीत. गर्भ कोणत्या दिवशी राहिला ते कुणालाच नक्की ठाऊक नसतं. बाईला नक्की आठवतो तो पाळीचा दिवस. म्हणून आम्ही शेवटची पाळी ज्या दिवशी आली तिथपासून मोजतो. कागदावर एलएमपी लिहिलेलं असतं ना, ते तेच. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच बजरंगराव, नुसतं कागदावर असतं."

"आसं हाय व्हय!" बजरंग म्हणाला. "मंग मिटलं."

मिटलं. त्याचं मिटलं.

एक एप्रिलला उत्कर्षाची पाळी आली होती. बाळ राहिलं ते त्यानंतर दोन आठवड्यांनी, मी परत आल्यावर. पोटात दुखत होतं म्हणून पडून होती. गोळ्या त्या दुखण्याच्या होत्या. आमच्या घरी आई "बाजूला बसलेय" म्हणायची. यांच्याकडे अडचण म्हणतात. बिचारा शंभू! त्याने ते माझ्यासमोर उच्चारलं हेच फार झालं, आणि मी त्याला विचारतोय, कसली अडचण.

मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवतो? तारीख बघण्याआधी विचारा, मोजणी कुठून सुरू केली. हे मी फळ्यावर लिहून देतो. गाढव आहे मी. एकोणीस दिवस मी तिला गुन्हेगार धरलं, आणि तिच्या बाजूची सगळ्यात पक्की साक्ष, फाईलमधली ती तारीख, माझ्याच हातात होती. पोटच्या पोरीला सर्दीचं निमित्त सांगितलं.

४ नोव्हेंबर, गुरुवार

उत्कर्षाला सगळं सांगितलं. पासपोर्टचं, फाईल चोरून पाहिली त्याचं, कँटीनचं, बजरंगचं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. वाटी मांडीवर होती, दूध काढत होती.

"झालं सांगून?"

"हो."

"तुम्ही कॅलेंडर घेऊन बसायचात ना, तेव्हा मला वाटायचं बाळाचे दिवस मोजताय. आईला म्हटलं मी, तोंडाने बोलत नाहीत गं, पण मोजत असतात बघ."  मग म्हणाली, "शंभूला विचारलंत. मला का नाही विचारलं?"

"विचारलं होतं. अठ्ठावीसला."

"तेव्हा तुम्ही विचारत नव्हता. निकाल सांगायला आला होतात."

मी माफी मागितली. मला रडू आलं, मी लपवलं नाही. तिने वाटी माझ्या हातात दिली. "हे खाली नेऊन द्या. आईचे गुडघे दुखतात." वाटीत चमचाभर दूध होतं. दोन्ही हातांनी धरून जिना उतरलो.

पेट्यांजवळच्या रतन सिस्टरांना सांगितलं, सर्दी गेली, आज मी धरतो. म्हणाल्या, "आज नाही जमायचं. सकाळपासून श्वास घ्यायला विसरतेय. पेटीतच ठेवायचंय."

६ नोव्हेंबर, शनिवार

श्वास विसरते म्हणजे खरंच विसरते. लवकर आलेल्या बाळांचं असं होतं म्हणे, डोकं अजून कच्चं असतं. औषध चालू केलंय. पण जवळ माणूस असलेला बरा, म्हणून ऋचाबाईंनी मला पेटीजवळ स्टूल दिलं. रतन सिस्टरांनी शिकवलं: पोट हललं नाही की मोजायला लागायचं. दहापर्यंत श्वास नाही घेतला तर तळपायाला टिचकी मारायची. तरी नाही घेतला तर त्यांना हाक मारायची.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसलो होतो. तीनदा टिचकी मारावी लागली. तिचा तळपाय माझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडाच मोठा आहे. मशीन वाजलं की आधी बाळाकडे बघायचं, हे सांगितलं होतं तेव्हा मी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. ऑफिसातून दोनदा फोन आला. म्हटलं, सध्या नाही येत. दोन हजार साल माझ्याशिवाय उजाडेल.

शंभू आला होता. काचेबाहेरूनच हात केला. मी बाहेर जाऊन म्हटलं, "शंभूराव, माझं चुकलं." त्याला काय चुकलं ते कळलं की नाही कोण जाणे. कानापर्यंत लाल होऊन "असू द्या नं जी" म्हणाला.

८ नोव्हेंबर, सोमवार

उत्कर्षाचं प्रेशर उतरलं. दहा दिवसांनी तिला व्हीलचेअरवरून खाली आणलं. सासूबाई ढकलत होत्या. तिने हात धुतले, गाऊन घातला आणि पेटीपाशी येऊन नुसती बघत राहिली. सगळं आधी सांगितलेलं होतं, लाल कातडी, लव, नळी, तिने वहीत उतरवूनही घेतलं होतं. तरी म्हणाली, "एवढीशी?"

कालपासून विसरणं कमी झालंय, तेव्हा छातीशी द्यायला ऋचाबाई तयार झाल्या. पडदा ओढला. रतन सिस्टरांनी मुलीला उचलून उत्कर्षाच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून शाल घातली. मी पडद्याशी उभा राहिलो. आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. उत्कर्षा माझ्याशी चार दिवसांत कामापुरतंच बोललीय: वाटी घ्या, डबा ठेवा. तेवढंही पुष्कळ आहे.

अर्धा तास बरा गेला. मग मशीन वाजलं. मी बाळाकडे पाहिलं. शाल हलत नव्हती.

"अहो," उत्कर्षा म्हणाली. तिच्या आवाजात मी आजवर न ऐकलेली भीती होती. सिस्टर पलीकडच्या पेटीवर वाकल्या होत्या. मी आत गेलो, शालीखाली हात घालून तो तळपाय शोधला, आणि मनात म्हणायचं ते तोंडातूनच बाहेर पडत होतं, पाच, सहा, सात, आठ, नऊ. दहाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. मुलीने अंग आक्रसून श्वास घेतला, शाल वर आली, खाली गेली.

उत्कर्षा रडत होती. मी हात काढून मागे सरकलो.

"का थांबलात?" ती म्हणाली. "इथेच बसा. मोजा."

सिस्टरांनी स्टूल सरकवून दिलं. मी बसलो, तळपायावर बोट ठेवलं आणि मोजायला लागलो, तिला ऐकू जाईल असं, मोठ्याने.